न विटणारं केरोसीन

अंटार्क्टिकावरच्या संशोधन-तळाच्या जनित्रघरात डॉ. हेमांगी पेंडसे परीक्षानळी उजेडात धरून उभी होती. नळीत राखीव टाकीतलं केरोसीन होतं. नऊ वर्षं साठवलेलं, तरी नितळ. ना गाळ, ना बुरशी, ना चिकटा. त्यात मिसळलेलं ‘स्थिरक’ हेमांगीनंच शोधलं होतं.

वादळात पवनचक्क्या मोडल्यापासून तळावरची सहा माणसं एकाच खोलीत दाटीवाटीनं राहत होती. उबेची आणि विजेची सगळी भिस्त या टाकीवर होती, आणि जनित्र काही केल्या सुरू होत नव्हतं.

“पंप ठीक आहे, नळ्याही ठीक आहेत,” अभियंता इरफान मुजावर म्हणाला. त्यानं कापडाचा बोळा केरोसीनमध्ये बुडवून काडी लावली. काडी विझली. दुसरीही विझली. “पाणी शिरलंय का, मॅडम?”

“नाही.” हेमांगीचा आवाज खाली गेला. “केरोसीन खराब कशानं होतं? प्राणवायूमुळे त्यात मुक्तमूलकं, म्हणजे रेणूंचे अस्थिर तुकडे, तयार होतात आणि एकेक मूलक पुढच्या रेणूला बिघडवत जातं. स्थिरक त्या मूलकांना पकडतं आणि त्यांच्यापासून स्वतःचेच नवे रेणू घडवतं. म्हणून ते कधी संपत नाही.”

“मग चांगलंच की.”

“जळणं म्हणजे तीच साखळी, इरफान. फक्त फार वेगानं चाललेली. इतक्या वर्षांत स्थिरक एवढं वाढलंय, की ते ज्योतही धरू देत नाही. आम्ही चाचण्या घेतल्या त्या ताज्या साठ्यावर. तेव्हा छान जळत होतं.”

इरफाननं काड्यापेटी खिशात टाकली. “निदान आपल्याला न्यायला विमान तरी निघालंय. किनाऱ्यावरच्या तळावर इंधन भरून घेतलंय त्यांनी.”

“कुठल्या साठ्यातलं?”

“राखीव. तिथंही तुमचंच...” तो थांबला. विमानाचं इंधन म्हणजेही केरोसीनच.

उड्डाण विमानात आधीपासून असलेल्या इंधनाच्या टाकीवर झालं असणार. ती संपून किनाऱ्यावर भरलेली टाकी उघडली, की हवेतच इंजिनं विझणार.

हेमांगी धावत बॅटरीवरच्या बिनतारी यंत्रापाशी गेली. वैमानिकानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“परत जाण्यापुरतं आधीचं इंधन आहे,” तो म्हणाला. “पण आता फिरलो, तर जहाजानं नवं इंधन येईपर्यंत मला येता येणार नाही. त्याला महिना लागेल. तोवर तुम्हाला तिथं ऊब आहे ना?”

इरफान तिच्याकडे बघत होता. पलीकडच्या खोलीत कोणीतरी खोकत होतं. हेमांगीच्या हाताची बोटं बटणावर बधिर झाली होती.

“आहे,” ती म्हणाली. “आमचं भागतंय. तुम्ही फिरा.”