चंद्रावरून येणारी मांजरं

ऊर्जिता रडकुंडीला आली होती. सांगलीतल्या तिच्या सोसायटीच्या बॅटरीघरात मांजरीने चार पिल्लं घातली होती. रविवारपर्यंत त्यांना घरं मिळाली नाहीत, तर सेक्रेटरीकाका त्यांना गावाबाहेर सोडणार होते. म्हणून तिने पिल्लांची झकास वेबसाइट बनवली. पण ती उघडायचं नाव घेईना! लोक कंटाळून निघून जात.

"नानाआजोबा, आपलं इंटरनेट आजारी पडलंय!"

नानाआजोबा निवृत्त अवकाश-अभियंते होते. "वेबसाइट ठेवलीस कुठे?"

"चंद्रावरच्या सर्व्हरवर (मागेल त्याला माहिती पाठवणाऱ्या संगणकावर). मैत्रिणींवर छाप पडावी म्हणून!"

आजोबांनी घरच्या रोबोला हाक मारली. "बंबू, स्वयंपाकघरातून भडंगाचं सामान आण. पण एका खेपेला एकच जिन्नस."

बंबूने चुरमुरे आणले. परत जाऊन शेंगदाणे आणले. मग कांदा. तो लिंबासाठी वळला, तशी भुकेली ऊर्जिता ओरडली, "अरे, सगळं एकदम आण ना!"

"आज्ञा तशी नव्हती," बंबू शांतपणे म्हणाला.

"तुझं वेबसाइटचं पान असंच येतं," आजोबा हसले. "एकेका फोटोची मागणी चंद्रावर जाते, मग फोटो इकडे येतो. प्रकाशाच्या वेगानेसुद्धा जायला-यायला अडीच सेकंद! हा झाला विलंब (मागणी आणि उत्तर यांच्यातला वेळ). फोटो किती आहेत?"

"साठ," ऊर्जिता पुटपुटली. "एकेक भिंतीएवढा. मिशीचा केस न् केस दिसतो. शिवाय म्यावम्यावचं गाणं..."

ती लगेच कामाला लागली. चारच फोटो ठेवले, त्यांचं संक्षेपण केलं (फाइलचा आकार कमी केला), गाणं जड मनाने काढलं आणि पान सांगलीच्याच सर्व्हरवर आणलं. आता ते चुटकीसरशी उघडू लागलं. शनिवारपर्यंत तीन पिल्लांना घरं मिळाली. काळं पिल्लू तेवढं उरलं.

रविवारी सकाळी थेट चंद्रवसाहतीतून डॉक्टर कुंदा अंकलीकरांचा फोन आला. "काळं पिल्लू मला हवंय. पण तुझं पान आधी पटकन उघडायचं, आता का गं रखडतंय?"

ऊर्जिता क्षणभर गोंधळली, मग टाळी वाजवून म्हणाली, "कारण आता ते तुमच्यापासून लांब आहे! थांबा, एक प्रत चंद्रावरही ठेवते. ज्याला जी जवळ, त्याने ती उघडावी!"

"शाब्बास!" आजोबा खूश झाले. "उद्या मंगळावर माणसं राहायला गेली, की तिथेही असंच करावं लागेल."

"डॉक्टर, पिल्लू मात्र एकच आहे," बंबू गंभीरपणे म्हणाला. "त्याची प्रत निघत नाही. येऊन घेऊन जा."