झऱ्याच्या वळणावर

कामेनच्या आधी मला त्याचा घोडा दिसला आणि हसू आवरेना. उंच टाचांचे बूट घालून लग्नाला निघालेल्या बाईसारखा तो चालत होता. चारही खुरांखाली बर्फाचे गोळे घट्ट बसलेले, आणि वरच्या स्वाराला त्याचा पत्ताच नाही! लाल गाल, तिरकी टोपी, स्वारी खुशीत.

मी आमच्या सिव्का घोडीला झऱ्यावर पाणी पाजून घरी नेत होते. पायी.

"घोडी बसायला असते," तो जाता जाता म्हणाला, "की हात धरून फिरवायला?"

"आणि तुमचा घोडा? नाचायला निघालाय वाटतं. उतरा खाली."

मला वाटलं, वाद घालेल. पण तो मुकाट्याने उतरला. मी घोड्याचा पाय उचलून गोळा खरवडून काढला, तेव्हा तो डोळे विस्फारून बघतच राहिला.

"एवढा मोठा?"

"मैदानातले दिसता."

"डॅन्यूबकाठचा. तिकडे वाऱ्यापुढे बर्फ टिकत नाही. इथे लाकूडगिरणीत कामाला आलोय." मग जरा थांबून, "कामेन."

"नेवेना. खुराच्या तळव्याला डुकराची चरबी चोपडत जा, बर्फ चिकटणार नाही."

"आणि तुम्ही का नाही बसत घोडीवर?"

मी झऱ्याकडे बोट दाखवलं. झऱ्याचं पाणी रस्त्यावरून वाहतं, गोठतं, वर भुरभुर बर्फ पडला की खाली काच आहे हे कळतही नाही. "याच वळणावर माझे बाबा पडले. सणाच्या शर्यतीत. तेव्हापासून लंगडतात. मी बर्फात बसत नाही."

"म्हणजे बर्फात घोड्यावर बसूच नये?"

"बसू नये."

"अख्खं गाव तर बसतं."

"अख्खं गाव वेडं आहे!"

तो हसला. मी तरातरा निघाले, पण वळून पाहिलंच... आणि तोही पाहत होता.

त्यानंतर त्याला रोज नवी शंका यायला लागली. नाल काढून ठेवू का? घामेजलेल्या घोड्याला थंडीत कसं पुसायचं? खरं तर हे गिरणीतल्या कुणीही सांगितलं असतं. पण कामेन आमच्याच फाटकाशी यायचा, आणि मीही त्या वेळेला नेमकी अंगण झाडत असायची. बर्फ पडत असतानासुद्धा! आई खिडकीतून बघून नुसती मान हलवायची.

"लगामाचं लोखंड तसंच गार तोंडात घालू नकोस," मी एकदा सांगितलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नव्हतं. "जिभेला चिकटतं. आधी हातात धरून ऊब दे."

त्याने ते दोन्ही तळव्यांत धरलं. बराच वेळ धरलं.

"आणि तुझ्या हातांना कोण ऊब देतं?"

"खिसा," मी म्हटलं, आणि कान तापले ते थंडीने नव्हे.

मग ईस्टरआधीचा मोठा उपवास लागला; त्यात मांस, चरबी सगळं वर्ज्य. त्यातला पहिला शनिवार आमच्याकडे घोड्यांचा सण. घोड्यांच्या आयाळीत निळे मणी गुंफतात, नवे चकचकीत नाल ठोकतात आणि शर्यत लावतात. पहिल्या येणाऱ्याला नवा लगाम. गावातली एखादी मुलगी आपण भरतकाम केलेला टॉवेल त्याच्या घोड्याच्या गळ्यात बांधते, आणि गाव काय ते समजून घेतं. शेवटी येणाऱ्याला मिळते कांद्यांची माळ.

त्या वर्षी आदल्या रात्री बर्फ पडला. सकाळी कळलं की कामेनने नाव दिलंय.

"तुला वेड लागलंय का? नवे गुळगुळीत नाल, खाली बर्फ—"

"तुझ्या बाबांनीच विचारलं, धावणार ना म्हणून. नाही कसं म्हणू?" तो खाली बघत म्हणाला. "आणि... टॉवेल हवा होता."

"पाय मोडला तर त्याच टॉवेलने बांधू का?"

रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला काही झालं तर मला सहन होणार नाही, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं.

मी कोठाराकडे धावले. उपवासाच्या आधी आईने सगळी भांडी राखेने घासून ठेवली होती, पण चरबीचा एक डबा मी पेंढ्यात लपवला होता. आईने दारातच पकडलं.

"उपवासात चरबी! पोरी, काही लाज?"

"घोडा कुठे उपवास करतो, आई?"

आईने फाटकात उभ्या कामेनकडे पाहिलं. "चारही खुरांना लाव मग," ती म्हणाली. "कंजूसपणा नको."

आम्ही दोघांनी मिळून चोपडली. माझे केस ओलेच होते. घोड्याच्या शेपटीएवढे वाढावेत म्हणून गव्हाणीतला पेंढा घातलेल्या पाण्याने आम्ही मुली त्या दिवशी न्हातो.

"केसांत काडी आहे," तो हळूच म्हणाला.

"राहू दे. आणि ऐक... वळणावर—"

"ऐकलंय. पहिल्याच दिवशी."

शर्यत सुटली तेव्हा मी झऱ्यापाशी बाबांशेजारी उभी होते. सगळ्यांत पुढे कामेन! लोक ओरडत होते. वळण जवळ आलं. त्याने लगाम खेचला, घोडा थांबवला, खाली उतरला आणि लगाम धरून एकेक पाऊल टाकत चालायला लागला. बाकीचे एकेक करून घसरत, सावरत निघून गेले. कुणीही पडलं नाही. गाव पोट धरधरून हसलं.

कामेन शेवटचा आला. गळ्यात कांद्यांची माळ पडली तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. मी गर्दीतून वाट काढत गेले आणि माझा टॉवेल त्याच्या घोड्याच्या गळ्यात बांधला. हसू एकदम थांबलं.

"कांदेवाल्याला टॉवेल?" कुणीतरी म्हणालं.

"तिचा टॉवेल, तिची मर्जी," बाबा म्हणाले. मग काठीवर रेलून वळणाकडे बघत राहिले. "मला उतरायचं सुचलं असतं तर बरं झालं असतं."

कामेन माझ्याकडे बघत होता. "आता सांग, बर्फात घोड्यावर बसावं की नाही?"

"कुणाबरोबर, त्यावर आहे."

त्याने हात पुढे केला. आणि मी बसले! कित्येक वर्षांनी, बर्फात. तो लगाम धरून पुढे चालत होता, कांद्यांची माळ त्याच्या छातीवर हिंदकळत होती.

वळण आलं. मी सांगायच्या आधीच त्याने घोडा थांबवला आणि मला उतरवून घेतलं. मग माझा हात धरला, आणि आम्ही तिघं सावकाश चालत पलीकडे गेलो. त्याच्या हातांना अजून चरबीचा वास येत होता.

पलीकडे रस्ता सपाट होता, घसरायची भीती नव्हती. "आता हात सोडला तरी चालेल," मी म्हटलं.

"माहीत आहे," कामेन म्हणाला, आणि घर येईपर्यंत त्याने तो सोडला नाही.