तुटक्या शेपटीचा सात

इंजिनाचा नंबर कानशीने घासला की गेला, असं समजणाऱ्यांची मला चीड येते. आकडा ठोकायच्या पंचाच्या घावाने खालचं लोखंडही दबतं. वर पॉलिशपेपर मारायचा, तेजाबाचा बोळा फिरवायचा आणि थांबायचं. आकडे पुन्हा दिसतात. चिंचवड स्टेशनजवळच्या माझ्या वर्कशॉपात पोलीस त्यासाठीच गाड्या आणत.

१९५७च्या उन्हाळ्यात फौजदारांनी उद्धवरावांची लॉरी आणली. माझा भागीदार भैरू चाकण रस्त्यावर लॉरीखाली मेला होता. लोकांनी नंबरपाटी पाहिली होती, ती उद्धवरावांच्या लॉरीची. उद्धवराव म्हणत, ती लॉरी भंगारात गेली, ही वेगळी. रंग नवा, पाटी नवी, इंजिनाचा नंबर घासलेला. तो जुन्या लॉरीच्या कागदाशी जुळला की उद्धवराव तुरुंगात जाणार होते.

भैरू आणि मी पूर्वी एका कारखान्यात एकाच दिवशी लागलो. त्याचा बिल्ला ४१७, माझा ४१८. इंग्रजी आकडे त्याला कधी आले नाहीत. त्याने मराठी आकड्यांचे पंच स्वतः घडवले आणि केलेल्या प्रत्येक कामावर बिल्ल्याचा नंबर मारला. त्यातल्या सातची शेपटी तुटलेली होती. तो गेल्यावर पंचांची पेटी मी कपाटात कुलूपबंद ठेवली. किल्ली माझ्या करगोट्याला.

फौजदार आणि भैरूची बायको शालनबाई बाहेर लिंबाखाली बसले. मी तेजाब फिरवलं. इंग्रजी आकडे उमटले. कागदाशी तंतोतंत जुळले.

उद्धवराव जवळ आले.

"वर्कशॉपाची जागा आमची हाय, ध्यानात हाय न्हवं?"

त्यांच्या थोबाडीत मारायला हवी होती. मी कानस उचलली आणि नंबर खोलवर घासून टाकला. आजही स्वतःचा संताप येतो.

मग फौजदारांना बोलावलं. देखावा म्हणून त्यांच्यासमोर पुन्हा बोळा फिरवला. आता काही उमटणं शक्यच नव्हतं.

उमटलं. ४१७. मराठीत. सातची शेपटी तुटकी.

"हा कसला नंबर?" फौजदार म्हणाले.

"नंबर नाही साहेब. ओरखडे आहेत."

'नंबर निघाला नाही' असं लिहून मी सही केली.

शालनबाई दारात उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

"निघाला का, भावजी?"

"नाही."

"मग त्यांची पेटी तरी द्या."

त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी चिडूनच कपाट उघडलं. कुलूप जसंच्या तसं होतं. पेटीचं झाकण वर केलं.

सातचा पंच खाचेत होता. टोकाला लोखंडाचा ताजा कीस.

चार, एक आणि आठ या तिन्हींच्या खाचा रिकाम्या होत्या.