दम लागला की सांगा

लुंबिनी बाबांना घेऊन दिल्लीतल्या मयूर विहारच्या त्या क्लिनिकमध्ये आली ती जीव मुठीत धरून. जिना चढताना शामरावांच्या छातीत दुखलं होतं, आणि आई गेल्यापासून तिला बाबांशिवाय होतंच कोण! त्यांना एकटं सोडायचं नाही म्हणून आलेली स्थळंसुद्धा तिने परतवली होती.

ट्रेडमिल टेस्टसाठी बाबांच्या छातीवर वायरी चिकटवणारा टेक्निशियन मात्र भलताच उत्साही. बापलेकीचं बोलणं कानावर पडताच तो खुलला.

"अरे, तुम्ही मराठी? मी पण! प्रफुल्ल. जन्म दिल्लीचा, पण घरी मराठीच बोलतो... थोडी थोडी."

"ते कळलंच," लुंबिनी म्हणाली. मेल्याचे डोळे छान आहेत, हे काही तिने सांगितलं नाही.

"बाबा, दम लागला की सांगा," तिने बजावलं, तशी ट्रेडमिल सुरू झाली.

वेग वाढला, चढ वाढला. डॉक्टरीणबाई पडद्यावरचा आलेख बघत होत्या. शामराव घामाघूम झाले.

"दम... दम लागला!"

"वा काका! अजून दम लगावा!" प्रफुल्लने टाळ्या पिटल्या.

"अहो, थांबवा! त्यांना धाप लागलीय!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने झटकन मशीन थांबवलं, बाबांना आधार देऊन झोपवलं आणि ठोके शांत होईस्तोवर तो त्यांच्या उशाशीच उभा राहिला.

"घबराइए मत," डॉक्टरीणबाई हसल्या. "जितना चाहिए था, हो गया. टेस्ट बिल्कुल अच्छी है."

लुंबिनीला रडूच फुटलं. प्रफुल्लने पाण्याचा ग्लास पुढे केला. "सॉरी... हिंदीत दम म्हणजे जोर... माझी मराठी..."

"तुम्हाला चांगला दम द्यायला हवा!"

"आता हा कुठला दम?"

"रागावण्याचा."

"मग द्या ना... रोज द्या."

रिपोर्ट फोनवर आला होता, तरी तो आणायला लुंबिनी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. मग प्रफुल्ल घरी येऊ लागला, शामरावांकडे मराठी शिकायला म्हणे! थंडी पडली, तेव्हा एका संध्याकाळी मेट्रोच्या जिन्यापाशी त्याने विचारलं, "लुंबिनी... माझ्याशी लग्न करशील?"

तिला हो म्हणायचं होतं. फार फार म्हणायचं होतं. पण—

"जिथे मी, तिथे बाबा. चालेल?"

"दोन खोल्या आहेत आपल्याकडे," तो म्हणाला. "उन्हाची काकांना देऊ."