येते हं

भाड्याचं घर शोधायचं म्हणजे चपला झिजवणं आलंच. महानगरात परवडेना म्हणून ती तासाभरावरच्या या लहान शहरात घर शोधत होती. चार दिवसांत अकरा घरं बघून झाली. शनिवारी आईला इस्पितळातून सोडणार होते. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, तेव्हा तळमजलाच हवा होता.

बारावं घर तळमजल्यावर होतं. भर दुपारी एजंटनं कुलूप काढलं आणि तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"बघून घ्या तुम्ही."

"तुम्ही नाही येत?"

"मी पाहिलंय."

कित्येक महिने बंद असलेलं घर, पण कुबट वास नव्हता. नुकतीच लादी पुसल्यासारखा ओलसर वास येत होता. आतल्या खोलीत भिंतीला आधाराचा लोखंडी दांडा होता, नेमका आईच्या कमरेच्या उंचीवर. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! तिनं आनंदानं दांड्याला हात लावला. तो कोमट होता, आत्ताच कुणी सोडल्यासारखा.

आनंद तिथेच विरला. ती लगबगीनं बाहेर आली.

एजंट आत तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "जातो."

भीतीतही तिला हसू फुटलं. "अहो, जातो काय? निघताना येतो म्हणावं. आईनं शिकवलं नाही वाटतं?" आणि जन्माच्या सवयीनं ती रिकाम्या घराकडे वळली. "येते हं."

"ये..." आतून आवाज आला. म्हाताऱ्या बाईचा, मायेचा.

एजंटच्या हातून कुलूप पडलं.

"ताई... इथे जातोच म्हणायचं असतं. मी आधी सांगायला हवं होतं..."

"कोण आहे आत?"

"कुणी नाही. पण तुम्ही शब्द दिलात..."

"मला हे घर नको," म्हणत ती जी निघाली, ती मागे वळून न बघता. इस्पितळात पोचेपर्यंत तिच्या जिवात जीव नव्हता.

आई उशीला टेकून बसली होती, खुशीत.

"घर मिळालं ना गं?"

"नाही, आई."

"मला काय बनवतेस! त्या बाई आत्ताच येऊन गेल्या की. लादी पुसून ठेवलीय म्हणाल्या. भिंतीला दांडाही आहे म्हणे."

"आई... निघताना काय म्हणाल्या त्या?"

"काय म्हणणार? येते म्हणाल्या."

"आणि... तू?"

"तुला शिकवलंय तेच," आई हसली. "या म्हटलं."