बुडबुडा नसलेली बाटली

"ओ पावणं, वढ्यात औषध टाकाय लागलाय व्हय?"

मागून आवाज आला आणि अंतराच्या हातातली काचेची बाटली निसटता निसटता राहिली. ती ओढ्यात घोटाभर पाण्यात उभी होती. चपला काठावर होत्या आणि काठावर, चपलांच्या शेजारी, एक तरुण कमरेवर हात ठेवून उभा होता.

"औषध बाटलीत टाकतेय," ती म्हणाली. "ओढ्यात नाही."

"मासं मारायला येत्यात ती बी असंच म्हंत्यात."

"मी प्रयोगशाळेतून आलेय. मासे मरतात म्हणून तक्रार आहे इथली. कुणी राजवीर म्हणून आहेत, त्यांनी तीन अर्ज केलेत."

त्याचे हात कमरेवरून खाली आले.

"चार," तो म्हणाला. "पयला पोचला नसंल."

अंतराला हसू आलं. ते लपवायला तिनं बाटली डोळ्यांसमोर धरली.

कळंब्याच्या पुढचं हे गाव, ओढ्याच्या काठी राजवीरचं गुऱ्हाळ. धुराड्यातून चिपाडाचा धूर सरळ वर जात होता आणि हवेत उकळत्या रसाचा वास होता. तिनं बाटलीत दोन औषधांचे थेंब सोडले, बूच घट्ट बसवलं आणि ती उलटीसुलटी केली. आत पांढरा गाळ उतरू लागला.

"पाण्यात हवा असेल तर हा गाळ तपकिरी होतो," तिनं सांगितलं. "नसेल तर पांढराच राहतो. फक्त बाटलीत बुडबुडा राहता कामा नये. एक जरी राहिला तरी बाहेरची हवा आत गेली आणि बाटली खोटं बोलायला लागली."

"मंजे हितं हवाच न्हाय?"

"माशांपुरतीसुद्धा नाही."

त्यानं वरच्या अंगाला बोट केलं. "विजयसिंहांची डेअरी. सगळी धुवण वढ्यात. दुसरं कोन हाय वर?"

त्यानं आतून पाण्याचा तांब्या आणला. तिनं मान हलवली.

"आमचा नियम आहे. जिथं तपासणी, तिथलं पाणीसुद्धा प्यायचं नाही."

"आमचं विहिरीचं पानी हाय, मॅडम."

"तरी नाही."

तांब्या हातात धरून तो तसाच उभा राहिला... आणि गाडी चालू करताना तिला उगाचच तहान लागली.

नमुने चार आठवडे घ्यायचे होते, दर मंगळवारी, ठरल्या वेळी. दुसऱ्या मंगळवारी तो काठावर आधीच उभा होता. कढईपाशी गूळ करणारे पिराजीमामा फावडं टेकवून म्हणाले, "मॅडम, तुमी रोज येत जावा की. हे पोरगं निदान मंगळवारी तरी दाढी कराय लागलंय."

"मामा, कढई उतू जाईल," राजवीर म्हणाला.

"कढई न्हाय जात उतू. दुसरंच कायतरी चाललंय."

त्या दिवशी त्यानं तिला गुऱ्हाळ दाखवलं. रसात भेंडीच्या झाडाचं पाणी घालून वर येणारी मळी, म्हणजे रसातली घाण, कशी काढतात तेही दाखवलं. "औषधाचा एक कण न्हाय आमच्या गुळात," तो म्हणाला. "आणि कढई रोज धुतो. आजाची शिस्त." बोलताना त्याचा चेहरा उजळला. ती ऐकत होती, आणि ऐकताना आपण त्याच्याकडे जरा जास्तच बघतोय की काय, या काळजीनं पुन्हा पुन्हा कढईकडे बघत होती.

तिसऱ्या मंगळवारी ती लवकर आली आणि एकटीच ओढ्यानं वर गेली. डेअरीच्या वरचं पाणी तपकिरी. डेअरीच्या खालचंही तपकिरी. ती खाली येत राहिली. गुऱ्हाळाच्या भिंतीतून एक अरुंद चर ओढ्याला मिळत होता. त्यातून मळी येत होती, कढईची धुवण येत होती, माशा घोंगावत होत्या. चराच्या खाली तिनं बाटली भरली.

पांढरी.

साखर मिसळलेल्या गोड पाण्यावर जिवाणू माजतात आणि सगळी हवा खाऊन टाकतात, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. पण पुस्तकात ते गोड पाणी राजवीरचं नव्हतं.

तिनं दुसरी बाटली घेतली. बूच लावताना त्याखाली एक बुडबुडा अडकला, वाटाण्याएवढा. तो तसाच ठेवला तर गाळाला थोडा रंग येईल. थोडाच... पण अहवालात तेवढा पुरतो. बोट बुचावर ठेवून ती किती वेळ उभी राहिली, तिचं तिलाच कळलं नाही. मग तिनं बाटली ओतून टाकली आणि काठोकाठ पुन्हा भरली.

पुन्हा पांढरी.

"काय आलं, मॅडम?" वरून राजवीरनं हाक मारली.

"प्रयोगशाळेत... नीट बघावं लागेल."

ते खोटं नव्हतं, पण तिला रस्ताभर खोटं बोलल्यासारखंच वाटत राहिलं. पुढच्या वेळी सांगू, तिनं ठरवलं. नीट शब्द जुळवून सांगू. तो आठवडा तिला अन्न गोड लागलं नाही.

चौथ्या मंगळवारी तो हसतच सामोरा आला.

"शुक्रवारी ग्रामसभेत उभा राहिलो, मॅडम. विजयसिंहांना सगळ्यांदेखत सांगितलं, मासं तुमी मारलासा म्हनून. गाव गप्प."

अंतराचे जुळवलेले शब्द कुठल्या कुठे गेले.

"राजवीर," ती पहिल्यांदाच त्याला नावानं म्हणाली, "आज बाटल्या तुम्ही भरा."

तिनं सांगितलं तशी त्यानं एक चराच्या वर भरली, एक चराच्या खाली. औषध तिनं सोडलं. दोन्ही बाटल्या दोन हातांत धरून तो बघत राहिला. डाव्या हातातली हळूहळू तपकिरी झाली. उजवीतला गाळ पांढराच राहिला. मधे फक्त तो चर होता.

"उसाचा रस हाय त्यो," तो पुटपुटला. "इख न्हाय."

"विष नाहीच. पण हवा खातो."

भट्टीतलं चिपाड तडतडत होतं.

"तुमास्नी कधी कळलं?"

सांगावं लागणारच होतं. "गेल्या मंगळवारी."

"मंजे सभेच्या आधी."

"हो."

त्यानं बाटल्या जपून पेटीत ठेवल्या. पंचनाम्यावर सही केली, खाली तारीख घातली.

"अर्ज मीच केलता," तो म्हणाला. "तुमी तुमचं काम केलं. पर तोंडानं सांगितलं असतं, तर मी तेवढं बोललो नसतो."

त्या दिवशी त्यानं पाणी विचारलं नाही.

अहवाल तिनं जसाच्या तसा लिहिला. नोटीस गेली. नंतरचे पाच मंगळवार अंतरा टेबलावरच बसून राहिली, दुसऱ्यांचे नमुने तपासत. फोन वाजला की दचकायची. त्याचा नंबर तिनं चारदा लावला आणि चारही वेळा वाजायच्या आत तोडला. माफी मागायची तर कुठल्या तोंडानं...

सहाव्या आठवड्यात टपालात एक अर्ज आला. अक्षर ओळखीचं होतं.

"विषय: माझ्याच गुऱ्हाळाखालचं पाणी पुन्हा तपासणेबाबत." मळीसाठी खड्डा काढला आहे, तिचं खत होतं. धुवण आता टाकीत साठवून उसाला देतो. चर बुजवला आहे. आणि शेवटी एक ओळ, आधीच्या ओळींपेक्षा जरा वाकडी: "नमुना घेण्यास त्याच मॅडमनी यावे, ही विनंती."

ती ओळ तिनं किती वेळा वाचली कुणास ठाऊक. मग उठून साहेबांकडे गेली.

"सर, या गावचा नमुना मी घेऊ नये."

"का?"

"माझी बाटली... खोटं बोलू शकेल."

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि कागदावर तिच्या सहकाऱ्याचं, मोहितचं, नाव घातलं.

मंगळवारी मोहितबरोबर ती गेली ती नुसतीच. राजवीर काठावर होता. तिचे रिकामे हात बघून त्याचा चेहरा उतरला.

मोहित पाण्यात उतरला. ती दोघं वर उभी राहिली, मधे हातभर अंतर ठेवून.

"सभेत परत उभा राहिलो मी," ओढ्याकडे बघत तो म्हणाला. "विजयसिंहांची माफी मागितली. त्ये म्हनले, बस, च्या घे. गाव अजून हसतंय, हसू दे."

"मला आठ दिवस आधी बोलायला हवं होतं. घाबरले मी."

"कशाला?"

"तुम्ही बोलायचं बंद कराल म्हणून."

त्यानं खाली हाक दिली, "ओ पावणं, बुडबुडा न्हाय न्हवं आत? नीट बगा."

"नाही," मोहित म्हणाला आणि बाटली उन्हात धरली.

गाळ उतरत होता... पांढरा. अंतरानं श्वास रोखला. शेजारी त्यानंही रोखला असावा. मग कडेनं एक फिकट छटा आली, आणि तळाशी ती दाट होत गेली. पुरती तपकिरी नव्हे, पाण्यात पडलेल्या गुळासारखी. पण तपकिरी.

"येतंय हळूहळू," मोहित म्हणाला.

राजवीरनं तोंडावरून हात फिरवला. बराच वेळ. "आणि तुमी," तो म्हणाला, "नमुना घ्यायचा नव्हता, तर आलासा कशाला?"

तिनं चपलेनं काठावरची माती उगाच सारखी केली.

"तपासणी करणाऱ्यानं इथलं पाणी प्यायचं नाही, असा नियम आहे." तिचा आवाज तिला वाटला त्याहून बारीक निघाला. "आज तपासणी मी करत नाही."

तो तिच्याकडे बघतच राहिला.

"आरं, बगतोस काय," भट्टीमागनं पिराजीमामा म्हणाले. "तांब्या आन."