बाळीचा मामा ब्लॉग वाचतो

"ही मुलगी तुमचीच का हो?"

कुणालीनं विचारून टाकलं एकदाचं. पैजच होती ना... अनिता म्हणाली होती, "त्या कोपऱ्यातल्याला एवढं विचारून दाखव, आजची भेळ माझ्याकडून." आणि रेश्मानं काडी टाकली होती, "ही कसली विचारते. हिचे गाल बघ आधी."

टी.वाय.च्या या तिघी मुरबाडच्या स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत प्रोजेक्ट टाइप करायला यायच्या आणि टाइप सोडून सगळं करायच्या. कोपऱ्यात दर गुरुवारी तो बसलेला असायचा. मांडीवर तीनेक वर्षांची पोरगी, तिला दोन शेंड्या — एक कानावर, दुसरी थेट टाळूवर. आणि तो स्क्रीनकडे बघून एकटाच हसायचा... आवाज न करता, नुसते खांदे हलवत.

त्यानं मान वर केली. हसून हसून डोळे ओले झालेले.

"माझीच. का? कोन परत मागतंय का?"

"नाही... शेंड्या बघून वाटलं, कुठून पळवून आणलीत की काय."

"मामा, शेंडी दुकते," पोरगी म्हणाली.

मामा. कुणालीच्या मनात इतका वेळ सभ्यपणे बसून असलेलं काहीतरी टुणकन उठून उभं राहिलं.

तिनं पोरीला जवळ ओढलं आणि शेंड्या सोडून नीट बांधायला घेतल्या. तो बघत राहिला — शेंड्यांकडे, मग बांधणाऱ्या बोटांकडे, मग घाईघाईनं खिडकीबाहेर.

"भिमाताईची ही. बाळी," तो म्हणाला. "ताई काविळीनं गेली. दाजींनी दुसरं लगीन केलं, ही ऱ्हायली माझ्याकडं. मला कुठं काय येतं? म्हनून ह्यांना विचारतो."

'ह्यांना' म्हणजे स्क्रीनवरच्या लोकांना. आईबाप आपापल्या पोरांचं लिहितात, त्याला ब्लॉग म्हणतात, असं त्यानं तिला समजावलं — जसं काही तिला ठाऊकच नव्हतं. "ही सांगलीची बाई बघा. हिच्या पोरानं मोबाईल कणकेत दाबून ठेवला. ही पोळ्या करायला बसली, आनि कणीक वाजाय लागली."

कुणाली इतकी हसली, की कॅफेवाल्यानं डोळे वटारले. भेळ खायची राहूनच गेली.

त्याचं नाव दिपेश. धसईच्या अलीकडे त्याचं भेंडीचं शेत. भात निघालं की भेंडी; तोडून तोडून हाताला कायम खाज, त्यामुळे तो दोन अक्षरं टाइप करायचा आणि एकदा मनगट खाजवायचा. मराठी ब्लॉग तो वाचायचा, इंग्रजी अडायचे. ते गुरुवारी कुणाली वाचून सांगायला लागली.

"फी पडेल हं," ती म्हणाली.

"भेंडी चालंल?"

चालली. कुणालीच्या घरी इतकी भेंडी व्हायला लागली, की आईनं, ताराबाईंनी, विचारलं, "कॉलेजात भेंडीचा विषय आहे का गो?"

एका अमेरिकेतल्या आईनं लिहिलं होतं, मुलाला लहानपणापासून स्वतःची खोली हवी. दिपेशचं घर एका खोलीचं, मागं गोठा. त्यानं मधे दोरी बांधली, ताईची साडी टाकली आणि बाळीची खोली तयार केली. सकाळी उठून बघतो, तर खोलीत वासरू... आणि त्याच्या पोटाला टेकून बाळी गाढ झोपलेली.

"वासराचं काय करायचं, ते त्या बाईनं लिवलंच नाय," तो गंभीरपणे म्हणाला.

कुणाली त्याच्याकडे बघतच राहिली. स्वतःच्या फजितीवर इतकं मनापासून हसणारा माणूस तिनं पाहिला नव्हता. आपल्याला काय झालंय, हे तिला तेव्हाच कळलं. पण कळून उपयोग काय... रविवारी कल्याणहून तिला बघायला पाहुणे येणार होते.

त्याच आठवड्यात धसईच्या बाजारात बाळीनं तिला लांबून पाहिलं आणि धावत येऊन गुडघ्यांना मिठी मारली.

"आई!"

वांगी तोलणारी गुणाबाई तागडी धरून थांबली. "जयरामाची पोर ना गो तू?"

दिपेशनं बाळीला उचललं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुमी आता गुरुवारी नका येऊ," तो हळूच म्हणाला. "घरी पावने यायचेत तुमच्या, ऐकलं मी. माझ्यापायी नाव नको जायला."

कुणालीला लोकांची भीती नव्हतीच. भीती वाटली ती त्या एका शब्दाची. आई... आपल्याला झेपेल?

दुसऱ्या दिवशी ती एकटीच कॅफेत गेली आणि सांगलीच्या बाईच्या ब्लॉगखाली नाव न देता लिहिलं : 'मला एकजण आवडतो. त्याला बहिणीची मुलगी आहे, ती मला आई म्हणाली. मला भाजीसुद्धा धड येत नाही. जमेल का?'

शनिवारी उत्तरं आलेली होती. नागपूरचा एक बाबा : 'भाजी मलाही येत नाही. माझी मुलं मॅगीवर वाढली. दिसायला बरी आहेत.' कुणी म्हणालं, आधी झोप काढून घे, पुढे मिळणार नाही. सगळ्यात खाली खुद्द सांगलीची बाई होती : 'नर्सनं बाळ हातात दिलं तेव्हा मी विचारलं होतं, कुठून धरायचं? अजून रोज तेच विचारते गं. जमत कुणालाच नाही. सोबत कोण आहे, ते बघ फक्त.'

कुणाली हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. मग तिनं धसईची एस.टी. धरली.

दिपेश ओळींमध्ये वाकून भेंडी तोडत होता. बांधावर बाळी पिवळी फुलं कानात घालून बसलेली. सकाळचं धुकं एव्हाना उठून गेलं होतं.

"एक विचारू?" कुणाली म्हणाली. "तुम्हाला बाळीसाठी आई हवी आहे का?"

तो सरळ उभा राहिला. मनगट खाजवलं.

"नाय."

ती बांधाकडे परत वळली.

"आईचं काम करतो मी. येतं आता थोडं थोडं," तो म्हणाला. "बाळी नसती ना... तरी गुरुवारी तुमची वाट बघितली असती. मला तुमी माझ्यासाठी पायजे. पन असं मागायचं कसं, ते कुठल्या ब्लॉगात नाय सापडलं."

"आत्ता मागितलंत की," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय... घरी जाते. सांगायला लागेल ना."

ओट्यावर जयराम पेपर वाचत होते, ताराबाई रविवारच्या पोह्यांसाठी शेंगदाणे निवडत होत्या. कुणाली दोघांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"बाबा, कल्याणला फोन करा. त्यांना येऊ नका म्हणावं. मी दिपेशशी लग्न करणार आहे, परीक्षा झाल्यावर."

"त्या पोरवाल्याशी? म्हणजे गुणाबाई सांगत होती ते खरं?" ताराबाईंच्या हातातलं सूप कलंडलं. "दुसऱ्याचं पोर सांभाळायला जातेस गो?"

"पोर तो सांभाळतो, आई. चांगलं सांभाळतो. मी त्याला सांभाळणार आहे," कुणाली म्हणाली आणि सांडलेले शेंगदाणे वेचायला खाली बसली. "आणि बाळीनं मला आई म्हणायचं की मामी, ते तिचं ती ठरवेल. मी दोन्हीला ओ देणार."